ब्रेकचा दिवा

उंदरांनी जुन्या ट्रॅक्टरच्या वायरिंगच्या पार चिंध्या केल्या होत्या. त्याआधी कुणा मिस्त्रीने तिच्यावर चिकटपट्ट्या गुंडाळून आपली अक्कल पाजळली होती. उंदीर निदान फुकट तरी काम करतात, हा मेला घाण करून वर मजुरी घेऊन गेला. ढोल्याने त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या आणि सगळी वायर नवी ओढली. ताईला रोज तिन्हीसांजेला ट्रॅक्टर घेऊन हमरस्त्याने परत यावं लागे. परवा मागून एक ट्रक तिच्यावर चढता चढता राहिला होता. ब्रेकचा लाल दिवा आज लागायलाच हवा होता.

मागच्या मोठ्या चाकाआड उकिडवा बसून तो ओरडला, "ताई, दाब."

दिवा लागला.

"सोड."

विझला.

"वा, आज बरं सांगितलेलं ऐकतेस. दाजींचं कधी ऐकलंस का गं असं?"

दिवा दोनदा लुकलुकला. ढोल्या खदखदून हसला.

"कुणाशी बडबडतोयस रे एकटाच?" शेडच्या दारातून ताईचा आवाज आला. तिच्या दोन्ही हातांत चहाचे कप होते. "चहा ओततच होते मी. चल, आता बसते आणि दाबते."

ढोल्याचं हसू ओठांवरच वाळलं. चाकाआडूनच त्याने दिव्याकडे पाहिलं. ताईने कप बॉनेटवर ठेवले आणि ती सीटवर चढली.

दिवा आपणहून लागला.

"ढोल्या," खाली पेडलकडे वाकून बघत ताई हसत म्हणाली, "पाय काढ ना रे पेडलवरचा. मला दाबू दे."