मनगटाचं चित्र

शाळेतली चित्रकलेची नोकरी सोडून तिने वैद्यकीय पुस्तकांसाठी चित्रं काढायला घेतली, तेव्हा काका म्हणाले, "देखाव्यांवर भागेना, म्हणून आता आतडी रंगवणार होय?" तिने ते हसण्यावारी नेलं.

पहिलं मोठं काम मिळालं ते मनगटाच्या आतल्या रचनेचं. चित्र देऊन झाल्यावर रात्री तिच्या एकदम लक्षात आलं. नाडी असते अंगठ्याच्या बाजूला, आणि आपण ती काढली करंगळीच्या बाजूला! पहिल्याच घासाला खडा. आता पुन्हा कोण काम देणार?

सकाळी ती तडक पुस्तक लिहिणाऱ्या डॉक्टरांकडे गेली. "सर, नाडी उलट्या बाजूला पडलीय माझ्याकडून."

डॉक्टरांनी चित्र निरखून पाहिलं. "कुठे? अगदी बरोबर आहे की."

त्यांच्या मागे भिंतीवर जुना, पिवळा पडलेला तक्ता होता. त्यातही नाडी करंगळीच्याच बाजूला होती.

घरी येताच तिने आईचा हात धरला. अंगठ्याखाली काहीच लागेना. करंगळीच्या बाजूला मात्र नाडी संथपणे उडत होती.

तिने स्वतःचं मनगट चाचपलं. तिची नाडी अंगठ्याखालीच होती.

"तोंड का उतरलंय गं? आण बघू हात," आई म्हणाली. आईचा सगळा जन्म रुग्णालयात नर्सचं काम करण्यात गेला होता. तिची बोटं सवयीने करंगळीच्या बाजूला टेकली. थांबली. मग जोरात दाबली गेली.

आईने हात सोडला, खुर्ची मागे सरकवली आणि विचारलं, "तुम्ही कोण?"