मुंजीआधी

यंत्राने रक्ताचा एक थेंब घेतला आणि अद्वैतच्या शुक्राणू तयार करणाऱ्या बीजपेशी कधी संपल्या, ते पडद्यावर उमटवलं: वय वर्षे सहा.

“ऑपरेशन आठव्या वर्षी झालंय,” डॉक्टर म्हणाल्या. “अंडकोष खाली उतरले नाहीत, हे कळलं कधी?”

“पहिल्याच वर्षी,” आई म्हणाली. “सासूबाई म्हणाल्या, मुंजीआधी पोराच्या अंगाला सुरी लावायची नाही. मी ऐकलं.”

“आता काही करता येईल?” अद्वैतच्या बायकोने, मृण्मयीने विचारलं.

“नाही. यंत्र फक्त वेळ सांगतं.”

घरी आल्यावर अद्वैत मुंजीच्या फोटोसमोर उभा राहिला. आठ वर्षांचा बटू हसत झोळी पुढे करत होता, आई तिच्यात लाडू घालत होती. तेव्हाच दोन वर्षं उलटून गेली होती.