जेठापुढे

लोटनआबा आले ते थेट निर्मलाबाईच्या खाटेसमोर खुर्ची ओढून बसले. धाकट्या भावाचं घर, त्यांना अडवणार कोण? भाऊ तर त्यांचा आवाज ऐकताच गुरांना पाणी दाखवायला निघून गेला होता.

"रंजिता, तुन्ही मायले सांग," आबा पुतणीला म्हणाले. भावजय हातभर अंतरावर पडलेली, पण जेठाने, म्हणजे थोरल्या दिराने, तिच्याशी थेट बोलायचं नाही. "डोकाले मार लागेल शे. सहा महिना पडी ऱ्हाय. अन् ती शहादानी पोर सकायपाईन नको."

शहाद्याची पोर म्हणजे ममता. प्रकाशा गावाच्या रस्त्यावर मोटरसायकलवरून पडून निर्मलाबाईच्या मेंदूला मार बसला, उजवं अंग लुळं पडलं. व्यायामासाठी ममताला डॉक्टरांनीच लावून दिलेलं. ती रोज यायची, खाटेच्या कडेला बसवायची, पाय टेकवायची, धरून उभं करायची. आत्ता पडून राहिलात तर अंग पुन्हा जागं करणं जड जाईल, हे तिने तोंडावर सांगितलं होतं.

उद्यापासून ममता बंद म्हटल्यावर निर्मलाबाईला संताप आला. उभा जन्म शेतात वाकून गेला, तेव्हा एकाने पड म्हटलं नाही. आता उठायची वेळ आली, तर जो तो पड म्हणतो.

तिने डाव्या हाताने खाटेची कड धरली. "उठाड माले."

रंजिता घाबरली. "माय, आबा काय बोलनात आत्ते?"

"जेठ बठेल शे..." जीभ जड, एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. "अन् मी आडी पडू? लोके काय म्हनतीन?"

कुणाची तरी सून जेठापुढे खाटेवर बसली म्हणून गावभर बोंब मारणारे हे आबाच ना.

रंजिताने कमरेत हात घातला. निर्मलाबाई कडेला आली, पाय टेकले, उभी राहिली. उजवा गुडघा लटलटत होता. रंजिता तिचा पदर सावरू लागली, तर तिने मानेनेच नको म्हटलं. उजवा हात छातीपर्यंत आला, गळून पडला. पुन्हा उचलला. बोटांत पदर कसाबसा अडकला आणि डोक्यावर गेला.

"तिले सांग, बठ आते," आबा म्हणाले.

"आबा बठेल शेतस तवलोंग नही," निर्मलाबाई रंजितालाच म्हणाली.

आबा उठले. दाराशी चपला घालत होते, तोच मागून हाक आली. लग्न होऊन आली तेव्हापासून निर्मलाबाई त्यांच्याशी पहिल्यांदाच थेट बोलत होती.

"आबा, सकाय बी या. ममता ज्या टाइमले येस, त्याच टाइमले या."