मामाचा डबा

पुरुषांच्या तुरुंगाच्या फाटकापुढची रांग पार आंब्याच्या झाडापर्यंत गेली होती. सगळ्या बायकाच. कुणाच्या डोक्यावर टोपली, कुणाच्या पाठीला पोर. रस्त्यापलीकडे बायकांच्या तुरुंगाचं फाटक. तिथं एक शेळी उभी होती, बस.

तियामिके आजीला खेटून उभी होती. आजीच्या हातात डबा. मक्याच्या पिठाच्या न्सिमाचे पांढरे गोळे आणि वर तळलेले बारीक मासे. मामासाठी.

"अर्धं आईला देऊ ना."

"गप उभी राहा."

"तुझीच लेक आहे ती!"

"होती. नवऱ्याच्या डोक्यात मुसळ घातलं तिनं."

"रोज मार खाऊन एकदा घातलं. आणि मामा? दोन दिवस बडवत होता मामीला. मेली ना ती?"

"पुरुषाचा हात उठतो गं. जरा जोरात लागलं, एवढंच. कोर्टानंसुद्धा त्याला पाचच वर्षं दिली. तुझ्या आईला जन्मभर. कोर्ट काय येडं आहे?"

पुढची बाई वळून हसली. "माझ्या नवऱ्यानं माझा हात मोडला होता. बघा, वाकडाच जुळलाय." त्याच हातात तिनं अंड्यांची पिशवी सांभाळून धरली होती. "त्याला उकडलेलीच लागतात."

तियामिकेचं डोकं सटकलं. तिनं डबा हिसकावला आणि पळत रस्ता ओलांडला. मागनं आजीच्या शिव्या. पण आजी रांग सोडून येणार नव्हती.

आईचं नाव ऐकून फाटकावरच्या पहारेकरणीला खरंच वाटेना. "एनेलेसीला भेटायला? तिला तर अजून कुणीच आलं नाही. थांब, बोलावते."

आई जाळीपाशी आली. वाळून काटकी झाली होती. तिनं झाकण उघडलं, वास घेतला. बोटं डब्यात गेली आणि तिथंच थांबली.

"दादाचं झालं का खाऊन?"

"हे तुझं आहे."

"म्हणजे त्याचंच आणलंस." आईनं झाकण लावून डबा जाळीखालून बाहेर ढकलला. "जा, देऊन ये. पुरुषाला भूक सोसत नाही, बाळा."

तियामिके तिथंच मातीत बसली. न्सिमाचा गोळा तोडला, मासा लावला, तोंडात कोंबला. परत तोडला. पलीकडून आजी बोंबलत होती. जाळीतून आई बघत होती. ती कोंबत राहिली. डबा रिकामा होईपर्यंत.