फळ्यावरचा तडा

वेल्डिंगच्या वर्गाला दाखवायला तडा गेलेली एक तरी चॅसी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, हवी, म्हणून इंदुमती बिडकर बाईंनी अख्खा भंगारबाजार पालथा घातला.

"नाही मिळायची, बाई," दुकानदार रशीदभाई हसून म्हणाले. "गाडीचा कुठला जोड कधी दगा देणार, हे आता संगणक आधीच सांगतो. तडा जायच्या आत लोक जोड बदलून घेतात."

असाच एक जोड तुटून बस उलटली होती आणि बाईंचा ड्रायव्हर भाऊ गेला होता. त्यानंतर इरेला पेटून त्यांनीच संगणकाचा तो आधीच इशारा देणारा प्रोग्राम लिहिला होता.

त्या रिकाम्या हाताने, पण ताठ मानेने वर्गात आल्या. खडूने फळ्यावर एक वेडीवाकडी रेघ ओढली.

"बघून घ्या, पोरांनो. तडा असा दिसायचा."