विनयची दोन पुस्तकं

मनीषाने दोन्ही पुस्तकं दिवाणावर शेजारी शेजारी मांडली आणि वहीत तीन रकाने आखले. पात्रं, वर्णन, उत्कंठा.

"काका, खरं खरं बोलू? रागावणार तर नाही?"

"बोल की," दिवाकरराव म्हणाले. सदऱ्याची वरची गुंडी, शकुबाईंनी सकाळीच शिवून दिलेली, ते बोटांत फिरवत होते.

मनीषा खमरियाच्या फॅक्टरी-क्वार्टरांमधलीच पोर. एम. ए. करत होती, मुलांच्या रहस्यकादंबऱ्यांवर लहानसा प्रबंध लिहीत होती. समोरच्या घरातल्या दिवाकररावांच्या मुलाने, विनयने, अशी दोन पुस्तकं लिहिलीत हे कळल्यावर धावतच आली होती. आत विनयची आई, शकुबाई, चहा ठेवत होत्या.

"'विहिरीतला कंदील'मध्ये ना, पात्रं चारच आहेत, पण चारी डोळ्यासमोर उभी राहतात. पोरगं खोटं बोलताना कान खाजवते, म्हातारी उंबऱ्यावर थांबून गुडघा चोळते. वर्णन पण असंच, घरातलं, छोटं छोटं. अन् चोर सापडते कशावरून, तर गुंडीवरून! टाके झाल्यावर दोरा तीनदा गुंडाळून दातानं तोडलेला. मला तर मजाच आली."

"आईजवळ बसून पाहिलं असेल त्यानं."

"अच्छा. आता हे 'भोंगा वाजलाच नाही'. ह्यात सगळे एकसारखेच बोलतात. चोरही उपदेश करून राहिला, हवालदारही उपदेश करून राहिला." तिला हसू आवरेना. "अन् उत्कंठा म्हणाल तर पोरगं दाराची कडी काढते, की लेखक तिथंच थांबून दोन पानं भक्ती सांगते. बुवा नाही का, ऐन गोष्टीत थांबतात अन् भजन धरतात, तसं!"

"मग त्यानंच तर जीव टांगणीला लागतो!" दिवाकरराव जरा जोरातच बोलले.

मनीषाने पेन्सिल खाली ठेवली. "काका, विनयभैया फॅक्टरीत होते काय?"

"नाही. त्याला फॅक्टरी नकोच होती. त्यावरूनच तर..."

त्यावरूनच तर तो घर सोडून गेला होता. कागद काळे करून पोट भरतं काय, असं दिवाकरराव म्हणाले आणि पोराने चपला घातल्या. चार वर्षं साधं कार्ड नाही. मग एक दिवस नागपूरहून पार्सल आलं. शकुबाई तेव्हा तिकडेच भाचीच्या बाळंतपणाला गेलेल्या; पार्सलचा दोरा दिवाकररावांनी एकट्यानेच सोडला. आत 'विहिरीतला कंदील'. पहिल्या पानावर छापलेली एकच ओळ. 'बाबांस. आता राग सोडा.' तेव्हापासून ते पुस्तक देव्हाऱ्यात, पोथीच्या शेजारी असायचं.

"दुसऱ्यात पाळी आहे, भोंगा आहे, हाताला बसलेला तेलाचा वास आहे," मनीषा म्हणाली. "हे आत काम केलेला माणूसच लिहिते. दोन्ही पुस्तकं एका हातची नाहीत, काका. प्रबंधात मी तसंच लिहून राहिली."

दिवाकररावांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. कपबशा वाजत होत्या.

"हळू बोल, पोरी. दुसरं मी लिहिलं."

मग त्यांनी सांगितलं. आवाज सपाट, जणू दुसऱ्या कुणाच्या घरातलं सांगत होते. पार्सल आल्याला दोन वर्षं झाली होती, तेव्हा फॅक्टरीच्या गेटवर मोतीराम नावाचा माणूस भेटायला आला. विनयबरोबर छापखान्यात काम करायचा. विनय तापात गेला, म्हणाला, त्याला बरेच दिवस झाले. घरी पत्र टाकलं होतं, मिळालं नाही काय? नव्हतं मिळालं. टपालात पत्रं हरवतात. दिवाकररावांनी त्याला चहा पाजला, भोंगा झाला तसे आत गेले आणि पाळी पूर्ण केली. संध्याकाळी कीर्तनालाही गेले. पांडुरंगाचा गजर झाला, टाळ वाजले, शेजारचा माणूस रडला. त्यांच्या आत काहीच वाजलं नाही. अजूनही वाजत नव्हतं.

"घरी आलो तर ही दिवा लावून राहिली होती. 'माझ्या पोराला सुखी ठेव' म्हणत होती. ते शब्द तिच्या तोंडातून काढून कसे घेऊ?"

दोन हिवाळे पाळीवरून आल्यावर ते लिहीत बसले. सप्ताहाचं कीर्तन ऐकायला जातो सांगून नागपूरला गेले, पुस्तक छापून घेतलं, विनयचं नाव घातलं आणि तिथूनच टपालात टाकलं. पहिल्या पानावर छापलं, 'आईस.' शकुबाईंनी ते डोळ्यांना लावलं होतं. "लिहून राहिला म्हणजे बरा आहे," एवढंच बोलल्या होत्या.

"दुसरं फसलं म्हण, खुशाल म्हण," दिवाकरराव म्हणाले. "पण हात एकच म्हण. तिला कळलं तर ती जगायची नाही."

मनीषाने वहीतली शेवटची ओळ खोडली.

शकुबाई चहा घेऊन आल्या. "काय मग, कोणाचा नंबर पहिला?"

"कंदीलचाच, काकू."

"अन् भोंग्याचं काय झालं?"

"त्यात प्रवचन जास्तीच आहे."

शकुबाई हसल्या. नवऱ्यापुढे कप ठेवत म्हणाल्या, "बापावर गेला."

चहा झाला. शकुबाई मनीषाला फाटकापर्यंत सोडायला गेल्या. दिवाकररावांनी 'विहिरीतला कंदील' उचललं, पहिलं पान उघडलं, ओळीवरून अंगठा फिरवला आणि पुस्तक परत पोथीशेजारी ठेवलं. दिवाणावर मनीषाची पेन्सिल राहिली होती. ती घेऊन ते दारापर्यंत गेले आणि फाटकावरचं बोलणं कानी पडून तिथंच थांबले.

फाटकाशी शकुबाईंनी पोरीचा हात धरला होता.

"भोंगा ह्यांनीच लिहिलं, ते मला तेव्हाच कळलं होतं, बेटा," त्या हळू आवाजात म्हणत होत्या. "पोरगं गेल्याचं पत्र माझ्याच हाती पडलं होतं. पण कंदीलच्या मागं लागू नको. ते मी लिहिलं, हे ह्यांना कधी कळू देऊ नको. पोराचं म्हणून त्यांच्याजवळ तेवढंच आहे."