बंद करायचं बटण

शामलाने चार वर्षं मनीषनगरच्या घरात खपून स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम बनवली होती. ब्राउझरमध्येच उघडायची आणि कळमेश्वरच्या शाळेतल्या खटारा कॉम्प्युटरवरही अशी भुर्रकन पळायची! बंद करायच्या बटणावर तिने आधी ‘जातो’ लिहिलं, तर आई भडकलीच. “जातो काहून वं? निघताना येतो म्हणावं!” मग बटणावर ‘येतो’ आलं आणि कुणी ते दाबलं की बाकीच्यांच्या पडद्यावरही नावासकट उमटायचं. पण शाळेपलीकडे सिस्टीम कुणी वापरेना. शेवटी हात टेकून तिने नोकरी धरली आणि कंपनीची अट होती, आधी स्वतःची सिस्टीम कायमची बंद करायची. माऊसवर बोट ठेवून शामला नुसती बसली. “दाब नं, काय पाहून राहिली?” आई म्हणाली. शामलाने ‘येतो’ दाबलं. शाळेतल्या पोरींच्या पडद्यावर उमटलं, “शामलाताई: येतो.” मिनिटभरात सगळं विझणार होतं. तेवढ्यात कळमेश्वरहून उत्तर आलं, “कवा येशीन, ताई?”